डोंबिवलीत स्टेशनजवळ जुना वन बीएचके की शीळ रोडला टू बीएचके?

तुमचं ऑफिस दादरला, वहिनींची शाळा ठाण्यात. तेवढ्याच पैशांत डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा जुना वन बीएचके मिळतोय आणि स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, कल्याण-शीळ रोडच्या टॉवरमधला टू बीएचकेही. सासरे म्हणतात, लोकलचा जाच किती दिवस सोसणार, मोठं घर घ्या, गाडी घ्या.

मी म्हणेन, जुनं घर घ्या. फक्त सोसायटीचे कागद आणि गळती नीट बघून.

मी बावीस वर्षं डोंबिवलीहून ये-जा करतोय. त्यातली पहिली सहा रिक्षाच्या अंतरावर काढली. डब्यातली गर्दी अंगवळणी पडते. तिथे रोजचा ग्रुप असतो, तिघांच्या बाकावर कडेला चौथी सीट मिळते. माझा जीव जायचा तो स्टेशनबाहेर. जुलैतली रात्र, सव्वानऊ वाजलेले, जिना उतरावा तर शेअर रिक्षाची रांग कोपऱ्यावरून वळलेली. पुढच्याच्या छत्रीचं पाणी माझ्या खांद्यावर, डब्याची पिशवी छातीशी धरलेली. दादरहून तासाभरात आलेला मी शेवटच्या चार किलोमीटरला पाऊण तास घालवायचो. पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. ते घर आम्ही त्यापायीच विकलं.

सासऱ्यांची काळजी खरी आहे, पण गाडीने रोज शीळफाटा ओलांडून दादर गाठायचं म्हणजे काय, हे त्यांना एकदा सकाळी नेऊन दाखवा. माझी बहीण पुण्यात असते, तिथे बसने जाणं म्हणजे गाडी परवडत नाही असं समजतात. आपल्याकडे भरपूर पगाराचा माणूसही लोकलने जातो, कारण रस्त्यापेक्षा ती लवकर पोचवते. वहिनींना तर डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरता येईल, म्हणजे ठाण्यापर्यंत बसून जाण्याची शक्यता जास्त.

एजंट मेट्रोचं काम दाखवेल. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं, तेव्हाही त्या नावावर फ्लॅट विकले गेले. सुरू न झालेल्या स्टेशनासाठी आज जास्तीचे पैसे मोजू नका.

एक करा. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी दोन्ही पत्त्यांवर दादरहून संध्याकाळच्या गर्दीत स्वतः जाऊन बघा, सुट्टीच्या दिवशी नको. वहिनींना सोबत न्या. उशीर झाला तर त्या वाटेने एकटीने चालत यायला बरं वाटेल का, ते त्यांनाच ठरवू द्या.