घड्याळातल्या आयएन-१४ निक्सी नळीतले (आकड्यांच्या आकाराच्या तारा नारिंगी उजळणारी काचेची नळी) काही आकडे अर्धवटच उजळतात, नळी बदलावी लागेल का?

लगेच बदलू नका. हे बहुतेक कॅथोड पॉयझनिंग (आकड्याच्या तारेवर, म्हणजे कॅथोडवर, थर बसणं) आहे आणि ते बऱ्याचदा सुधारतं. पेटलेल्या आकड्यावरून उडणारे धातूचे कण न पेटणाऱ्या आकड्यांवर बसतात आणि तेवढा भाग अंधारा राहतो. तासाच्या दशकस्थानी फक्त ०, १, २ लागतात, म्हणून तिथले ३ ते ९ आधी बिघडतात.

पण आधी करंट तपासा. मल्टिप्लेक्सिंग (नळ्या आळीपाळीनं झपाट्यानं पेटवणं) नसेल आणि अ‍ॅनोडचा (नळीच्या धन टोकाचा) रेझिस्टर १० किलोओहमचा असेल, तर त्याच्या दोन टोकांत साधारण २५ व्होल्ट मिळायला हवेत, म्हणजे २.५ मिलिअँपिअर. बरेच कमी मिळाले तर चांगली नळीही अपुरीच पेटते. लाइन १७०-१८० व्होल्टची आहे. सप्लाय बंद करून, कपॅसिटर उतरू देऊन मगच मीटरच्या प्रोबच्या क्लिपा लावा.

करंट ठीक असेल तर तो बिघडलेला एकच आकडा काही तास सलग पेटता ठेवा. नारिंगी उजेड हळूहळू तारेच्या अंधाऱ्या भागावर सरकतो. नंतर कोडमध्ये रोज रात्री काही मिनिटं ० ते ९ फिरवा, नाहीतर दुखणं परत येतं.

मात्र पुरेसा व्होल्टेज असूनही एकही आकडा पेटत नसेल, तर बहुधा नळीत हवा शिरली आहे; तिथे बदलण्यावाचून इलाज नाही.