नवा कर्नल बूट होत नसेल तर

तू बांधलेला लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होतानाच ‘पॅनिक’ (पुढे जाता न येणारी चूक) दाखवून थांबलाय. घाबरू नकोस, मशीन शाबूत आहे. ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूत, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघड आणि जुन्या कर्नलवर बूट कर. नवा नीट चालेपर्यंत जुना कर्नल अजिबात काढायचा नाही.

तू पाठवलेल्या फोटोत ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ दिसतंय, म्हणजे कर्नलला रूट डिस्कच (जिच्यावर सिस्टिम आहे ती) सापडलेली नाही. बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारे ड्रायव्हर असलेली छोटी फाईल) तयार झालेली नसते, नाहीतर डिस्कचा ड्रायव्हर कॉन्फिगमधून (कर्नल बांधतानाच्या पर्यायांच्या यादीतून) सुटलेला असतो. चालू कर्नलची कॉन्फिग फाईल ‘बूट’ फोल्डरमधून उचल, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (जुनी निवड ठेवून नवे पर्याय डीफॉल्टवर ठेवणारी कमांड) चालव आणि मग एकेक पर्याय बदल. ‘लोकलमॉडकॉन्फिग’चा मोह सध्या टाळ. त्या क्षणी लोड असलेलेच मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) ते ठेवतं; प्रिंटर, पेनड्राइव्ह नंतर रुसतात.

आणखी एक. आपल्या सांगलीत वळवाचा पाऊस आला की लाईट जाते. ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ चालू असताना गेली असेल तर फाइली अर्धवट राहतात. ती पायरी पुन्हा कर, मग इनिटरॅमएफएस नव्याने बनव.

सिक्युअर बूटचं टेन्शन घेऊ नकोस; सही नसलेला कर्नल त्याने अडवला असता तर तू पॅनिकपर्यंत पोचलाच नसतास. पुढच्या वेळी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढ, म्हणजे वरच्या ओळीही दिसतील. त्यांचा फोटो पाठव. तरीही अडलास तर रविवारी सीपीयू घेऊन विश्रामबागला ये, मी घरीच आहे.