‘टाळेबंदी’ नको, आणि ‘साथ’ कुठून आली ते बघा

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या काळावरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘१९८४ मध्ये एड्सच्या साथीमुळे समलिंगी पुरुषांच्या स्नानगृहांवर टाळेबंदी झाली’ हे वाक्य चालेल का?

उत्तर: नाही चालणार. ‘स्नानगृह’ म्हटलं की मराठी वाचकाला बादली, मग्गा आणि खुंटीवरचा टॉवेल दिसतो, फार तर शाळेच्या पुस्तकातलं मोहेंजोदडोचं महास्नानगृह. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाथहाउसमध्ये कुणी अंग घासायला जात नसे. वाफ होती, पाणी होतं, छोट्या खोल्या होत्या, आणि पुरुषांनी पुरुषांना भेटायची ती जागा होती. ‘बाथहाउस’च ठेवा, किंवा ‘हमाम’ म्हणा. फोर्टात शेअर बाजारामागे हमाम स्ट्रीट आहे, शब्द आपल्याला परका नाही.

‘टाळेबंदी’चा मात्र मला मनापासून राग येतो. मालक कामगारांना दाराबाहेर ठेवतो ती टाळेबंदी. गिरण्यांच्या मुंबईला हे सांगावं लागू नये. २०२० मध्ये हा शब्द लॉकडाउनला जुंपला आणि तेव्हापासून दुकान बंद, शाळा बंद, सगळ्याला टाळेबंदी. तुमच्या वाक्यात तर तो चक्क उलटा पडतो. ९ ऑक्टोबर १९८४ रोजी शहराचे आरोग्य संचालक मर्व्हिन सिल्व्हरमन यांनी बाथहाउस, क्लब वगैरे मिळून चौदा ठिकाणं बंद करायचा आदेश काढला. काही तर काही तासांतच पुन्हा उघडली. प्रकरण कोर्टात गेलं. २८ नोव्हेंबरला न्यायाधीश रॉय वंडर यांनी ती चालू ठेवायला परवानगी दिली, पण अटी घातल्या: आतल्या खोल्यांची दारं काढा, आणि दर दहा मिनिटांनी फेरी मारायला माणसं नेमा. म्हणजे टाळं लावलं नाही, दारच काढून नेलं!

आता तुम्ही न विचारलेला शब्द, ‘साथ’. तुमच्या वाक्यातला सगळ्यात मोलाचा शब्द हाच. साथीचा रोग या अर्थाने हिंदीत ‘साथ’ नाही, शिवाय तिथे तो पुल्लिंगी. मराठीत साथ दिली आणि साथ आली, दोन्ही स्त्रीलिंगी. माझ्या मते हा एकच शब्द आहे. संस्कृत सार्थ, प्राकृत सत्थ, मराठी साथ. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अमरकोशात सार्थवाह हा वाण्याच्या नावांमध्येच येतो. बैल लादून नाणेघाट चढणारा तांडा डोळ्यांसमोर आणा. माणसं एकत्र चालतात, एका पाणवठ्यावर उतरतात, एका चुलीवर जेवतात, आणि त्यांच्याबरोबर आजारही गावोगाव जातो. माझे एक कोशकार स्नेही हे मानत नाहीत. ‘एका वेळी अनेकांना होतो म्हणून साथ, तांडा कशाला हवा?’ असं ते म्हणतात. हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. एका वेळी अनेकांना तर उन्हाचा त्रासही होतो, पण उष्माघाताची साथ आली असं कुणी म्हणत नाही. साथ चालत येते, माणसाकडून माणसाकडे येते. साथ ‘येते’, ‘पसरते’, ‘फिरते’. क्रियापदं सगळी प्रवासाचीच आहेत.

आणि १९८४ चा सगळा वाद याच एका शब्दात आहे. आरोग्य खात्याला साथ थांबवायची होती, त्यासाठी माणसांची एकमेकांची साथच तोडायला निघाले. तेव्हा विषाणू नुकता ओळखला गेला होता, रक्ताच्या तपासणीला मंजुरी मिळायला १९८५ चा मार्च उजाडायचा होता, आणि माणसं रोज मरत होती. त्यांची घाई मला समजते. पण कॅलिफोर्नियात प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांना १९७६ पर्यंत कायद्याने गुन्हा ठरवलं होतं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत दारावरची थाप पोलिसाची असायची. बाथहाउसमध्ये जाणाऱ्यांना खात्याचा माणूस आणि पोलीस वेगळे कसे वाटणार? गे कार्यकर्त्यांमध्येही दोन तट होते. काही म्हणत, बंद करा, आपलेच लोक मरताहेत. काही म्हणत, माहितीपत्रक आणि निरोध हातात द्यायला हीच तर जागा आहे, ती घालवू नका. मला हे दुसरं म्हणणं पटतं. त्याच शहराच्या सरकारी रुग्णालयात १९८३ पासून एड्सचा वॉर्ड होता, ‘५ ब’. तिथे नात्याने कुणी नसलेला जोडीदार उशाशी बसून असे. तीही साथच.

तांडा तोडायचा प्रयोग आपल्याकडेही झाला. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही असल्याचं कळल्यावर म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटं डांबलं. त्यांच्या आई कोर्टात गेल्या, पण बाधितांना असं वेगळं ठेवायची मुभा देणारा कायदा उच्च न्यायालयाने वैधच ठरवला. बाहेर आल्यावर डॉमिनिक यांनी एचआयव्हीबाधितांसाठी संस्था काढली.

तुमचं वाक्य राहिलंच. असं लिहा: ‘एड्सची साथ पसरत असताना ऑक्टोबर १९८४ मध्ये शहराने समलिंगी पुरुषांची बाथहाउस बंद करायचा आदेश दिला, नोव्हेंबरमध्ये कोर्टाने ती चालू ठेवू दिली, पण खोल्यांची दारं काढायला लावून.’