शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत

प्रश्न: ताई, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, रोज २० इंग्रजी शब्द मराठी अर्थासकट वहीत लिहिते पण आठवड्याने निम्मे विसरते, आणि जे आठवतात ते वाक्यात चुकतात. काय करू?

उत्तर: अगं, आधी ते २० चे ५ कर. आणि एका शब्दापुढे एकच मराठी शब्द लिहिणं बंद कर, खरा घोळ तिथेच आहे. 'फास्टिडियस' पुढे तू 'चोखंदळ' लिहिलंस तर चूक नाही, पण इंग्रजी व्याख्या वाचलीस तर कळेल की त्यात बारीकसारीक गोष्टीचा कीस काढणं आणि पटकन समाधान न होणं दोन्ही आहे. भाजीवाल्याकडे प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारी आजी आठव, झाला शब्द पाठ! (माझी आजी तशीच होती, भाजीवाले तिला बघून कपाळाला हात लावायचे.)

डिक्शनरी शिकणाऱ्यांसाठीची घे, मोठी जाडजूड नको. लाँगमन या प्रकाशनाने १९७८ च्या आपल्या डिक्शनरीत साधारण २००० सोप्या शब्दांतच व्याख्या दिल्या, त्यामुळे एक शब्द बघायला गेलं की आणखी चार बघावे लागत नाहीत.

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे बहुतेकांना कंटाळलेला वाटतो, पण त्याचा काटेकोर अर्थ निःपक्षपाती, ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. कंटाळलेल्याला 'अनइंटरेस्टेड'. परीक्षेत अशाच जोड्या विचारतात.

आणि हो, 'मंगूस' इंग्रजीत आपल्या मुंगसावरूनच गेलाय, तो फुकटात पाठ.