एम.एस्सी.चं डिझर्टेशन लिहायचंय, सेमिनारही द्यायचाय, पण इंग्रजी कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?

मराठी माध्यमातून आलात, नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, निफाडकडच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली आहे, आकडे वहीत तयार आहेत आणि लिहायला बसलं की पहिल्या ओळीपाशीच अडायला होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का, असंही विचारलंय. मी इथेच पदव्युत्तर वर्गाला रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी डिझर्टेशनं तपासते. माझं मत स्पष्ट आहे: क्लासचे पैसे वाचवा. इंग्रजीची अडचण आहे, नाही असं नाही. पण त्याहून मोठी अडचण ही की नेमकं काय म्हणायचंय ते अजून ठरलेलं नाही.

ते आधी मराठीत ठरवा. वही मिटून, काय सापडलं ते एका वाक्यात सांगून बघा. ‘मी निफाड तालुक्यातल्या पाण्याचा अभ्यास केला’ हे झालं केलेलं काम. ‘पावसाळ्यानंतर द्राक्षबागांलगतच्या विहिरींत नायट्रेट वाढलं, गावठाणातल्या विहिरींत फारसं वाढलं नाही’ हे झालं सापडलेलं. (तुमचे आकडे वेगळं काही सांगत असतील, तर ते लिहा.) हे वाक्य हाती आलं की कोणता तक्ता मुख्य मजकुरात घ्यायचा आणि कोणता परिशिष्टात टाकायचा, हे ठरवणं सोपं जातं. ते नसलं की मुलं पीएच, हार्डनेस, क्लोराइड सगळं एकाच पट्टीत लिहीत सुटतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

प्रस्तावनेपासून लिहायला बसू नका. आधी कार्यपद्धती लिहा, कारण ते काम तुम्ही स्वतःच्या हातांनी केलंय. ‘नायट्रेट यूव्ही (अतिनील किरणांच्या) पद्धतीने मोजलं’ एवढ्याने भागत नाही. नमुना गाळून घेतला का, २२० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचं शोषण मोजल्यावर सेंद्रिय पदार्थांमुळे पडणारी भर वजा करायला २७५ ला पुन्हा मोजलं का, कॅलिब्रेशनची द्रावणं किती तीव्रतेची होती, हे सगळं यायला हवं. सिन्नरच्या एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याला तुमची तेवढी पानं वाचून तोच प्रयोग करता आला पाहिजे.

मग ‘रिझल्ट्स’चं प्रकरण, म्हणजे मिळालेले आकडे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमचा प्रत्येक आकडा त्या मर्यादेच्या शेजारी उभा करा. का वाढलं, हे मात्र इथे लिहू नका, ते चर्चेच्या प्रकरणात. आणि तिथेही ‘खतांमुळेच’ असं ठोकून देऊ नका. नायट्रेट गोठ्यातून येतं, शोषखड्ड्यांतूनही येतं. या शक्यता तुमच्या आकड्यांनी कितपत धरता येतात आणि कितपत सोडता येतात, हे लिहिणं म्हणजेच चर्चा. डिझर्टेशनचा खरा कस तिथेच लागतो, आणि बहुतेकांनी ते प्रकरण दोन पानांत गुंडाळलेलं असतं. प्रस्तावना त्यानंतर, सारांश सगळ्यात शेवटी.

इंग्रजीचं म्हणाल तर आपल्या विषयातले चार-पाच चांगले पेपर घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत लिहा की हा परिच्छेद काय काम करतोय: ‘प्रश्न किती मोठा’, ‘आधी कोणी काय केलं’, ‘काय राहून गेलं’, ‘म्हणून आम्ही हे केलं’. तीच ठेवण पुन्हा पुन्हा दिसेल. वाक्यं कशी सुरू होतात, क्रियापदं कोणती येतात, तेही तिथेच कळतं. शोधगंगावरचे पीएच.डी.चे प्रबंध मांडणी समजायला बघायला हरकत नाही.

फक्त तिथून किंवा सीनियरच्या फाइलमधून उतरवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई आहे, पण उचललेला परिच्छेद नऊ टक्क्यांत बसला म्हणून तुमचा होत नाही. रेफरन्स पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, ते मोफत आहे. एआयकडून संदर्भ मागू नका. अस्तित्वातच नसलेले पेपर ते बिनदिक्कत देतं.

आता सादरीकरण. सेमिनारला हमखास दिसणारी स्लाइड म्हणजे एक्सेलमधून उचललेला सबंध तक्ता, वर शीर्षक ‘रिझल्ट्स’. मागच्या बाकावरून एकही आकडा वाचता येत नाही. त्याऐवजी फक्त नायट्रेटचा स्तंभालेख घ्या, ४५ वर एक लाल रेघ मारा आणि शीर्षकाच्या जागी तुमचं ते सापडलेलं वाक्य लिहा. रेघेच्या वर गेलेल्या विहिरी बघणाऱ्याला लगेच कळतील, आणि तुम्हाला त्या स्लाइडवर वाचून दाखवायला काही उरणार नाही. तेच हवंय. मग तुम्ही लोकांकडे बघून बोलाल.

सरावासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धेची रीत वापरा: तीन मिनिटं आणि एकच स्लाइड. पहिल्यांदा घरी मराठीत बोला, आईला किंवा शेजारच्या काकांना समजेल असं. द्राक्ष पिकवणारा कोणी नात्यात असेल तर फार उत्तम, तो जे प्रश्न विचारेल ते परीक्षकांनाही सुचणार नाहीत. मग तेच इंग्रजीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. पाठ करू नका. फक्त पहिली दोन वाक्यं पक्की ठेवा. पुणे विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पदव्युत्तर गट वेगळा असतो. कॉलेजच्या फेरीला तरी नाव द्याच, अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहायची सवय होते.

आणि गाईडकडे सगळं डिझर्टेशन शेवटच्या आठवड्यात नेऊ नका. कार्यपद्धतीची तीन-चार पानं झाली की तेवढीच घेऊन जा आणि मॅडमना किंवा सरांना नेमकं विचारा: ‘यात कुठली पायरी सुटली आहे का?’ चाळीस पानं एकदम दिली की फक्त स्पेलिंगच्या चुकांभोवती गोल काढलेली परत येतात.