साठ दिवस तिकडे, साठ दिवस घरी

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांचा आहे. जन्म साताऱ्याचा. अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर टेक्सासला आलो आणि आता अमेरिकेचा नागरिक आहे. आईबाबा निवृत्तीनंतर साताऱ्याला परतले. सध्या एक इंजिनाच्या विमानातून तेलवाहिन्यांवर गस्त घालतो. उड्डाणाचे २,१०० तास झाले आहेत. एका रिजनल, म्हणजे जवळच्या शहरांमधली उड्डाणे करणाऱ्या छोट्या एअरलाइनने को-पायलटच्या प्रशिक्षणाच्या तुकडीत जागा दिली आहे. दुसरीकडे एक कंत्राटदार कंपनी अमेरिकी लष्करासाठी आफ्रिकेत किंग एअर ३५० विमानातून टेहळणी करण्याचे काम देते आहे. साठ दिवस तिकडे, साठ दिवस घरी, आणि पैसे एअरलाइनच्या पहिल्या वर्षाच्या दीडपट. प्रशिक्षणाचे कर्ज दोन वर्षांत फिटेल. शिवाय मला हे काम आवडते; प्रवासी घेऊन त्याच त्या चकरा मारणे मला बसचालकासारखे वाटते. मुलगी चौदा महिन्यांची आहे, पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला मी ‘परदेशात सर्वेक्षणाचे काम’ एवढेच सांगितले आहे. मी तर फक्त विमान गोल फिरवणार, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असणार. दहा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. काय करू?

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘सर्वेक्षण’ या शब्दापाशी अडखळले. त्याकडे मी शेवटी येईन, कारण आधी नोकरीचा हिशेब नीट मांडला पाहिजे, आणि तो तुम्ही मांडला आहे तितका सरळ नाही.

अमेरिकेतील एअरलाइनमध्ये वैमानिकाचे सारे आयुष्य सेवाज्येष्ठतेवर चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको; पण तुमच्या हिशेबात त्याला मोल दिलेले दिसत नाही. कोणत्या शहरात बेस मिळणार, कोणते विमान, दिवाळीला सुटी मिळणार की नाही, कॅप्टनची जागा कधी येणार आणि मंदीत आधी कोणाला घरी बसवणार, हे सगळे रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. हा क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. रिजनलमधून मोठ्या एअरलाइनमध्ये गेलात की पुन्हा यादीच्या तळाशी उभे राहावे लागते, म्हणून खरा मोलाचा क्रमांक तो मोठ्या कंपनीतला, आणि रिजनल ही तिथवर जाण्याची पायरी. पासष्टाव्या वर्षी निवृत्ती सक्तीची असल्याने तुमच्या हाती ३४ वर्षे आहेत. कंत्राटी कामाची दोन वर्षे त्यातून गेली, तर ती सुरुवातीची कमी पगाराची वर्षे गेली असे वाटते. प्रत्यक्षात ती शेवटाकडून वजा होतात, जिथे मोठ्या विमानाच्या कॅप्टनचा पगार असतो. कर्ज फेडण्याच्या आनंदात ही वजाबाकी दिसत नाही.

दुसरा मुद्दा तासांचा. किंग एअर ३५० हे विमान एका वैमानिकाने उडवण्यास प्रमाणित आहे. जिथे विमानाच्या प्रमाणपत्रानुसार किंवा उड्डाणाला लागू असलेल्या नियमानुसार दुसरा वैमानिक आवश्यक नसतो, तिथे उजव्या सीटवर बसून नोंदवलेल्या को-पायलटच्या तासांवर पुढे मुलाखतीत प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: मला कोणत्या सीटवर बसवणार, डावी सीट किती महिन्यांनी मिळणार, आणि हे तास कोणत्या नियमाखाली नोंदवले जाणार? डावी सीट मिळाली तर दोन इंजिनांच्या टर्बाइन विमानाचे मुख्य वैमानिक म्हणून मिळणारे तास खरोखर मोलाचे आहेत, हे मी नाकारत नाही. पण एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्यासाठी जे १,००० तास लागतात, ते मुख्यतः एअरलाइनमधले को-पायलटचे तास असावे लागतात, आणि अशा लष्करी कंत्राटावरचे तास सहसा त्यात धरले जात नाहीत. म्हणजे दोन वर्षांनी परत आलात तरी ते मोजणे तुम्हाला शून्यापासून सुरू करावे लागेल.

एअरलाइन म्हणजे पक्की भाकरी, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२२-२३ मध्ये भरती जोरात होती. २०२४ मध्ये बोइंगची विमाने वेळेवर मिळेनात आणि भरती मंदावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पिरिट एअरलाइन्सने सुमारे १८६ वैमानिकांना बिनपगारी घरी बसवले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फरक इतकाच, की घरी बसवलेल्या वैमानिकाला कंपनी टिकली तर क्रमांकानुसार परत बोलावण्याचा हक्क असतो. टेहळणीचे कंत्राट संपते तेव्हा तसा हक्क उरत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडले आणि तिथल्या तळांवरून चालणारी कंत्राटी उड्डाणे त्याच्याबरोबर संपली.

कामाच्या ओढीबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मला खरे वाटते. पण त्या कामाचा रोजचा दिवस डोळ्यांसमोर आणा. विमान ठरलेल्या उंचीवर नेऊन एकाच जागेभोवती चार-पाच तास डावीकडे झुकवून फिरवत राहायचे, वेग आणि उंची राखायची, इंधनाचे गणित मनात चालू ठेवायचे. मागे पडद्यासमोर बसलेला सहकारी पोटाखालचा कॅमेरा वळवत सांगेल तसे वर्तुळ थोडे सरकवायचे, आणि खाली काय दिसले हे बहुधा त्याच्या आवाजावरूनच ओळखायचे. ‘तीच ती चक्कर’ इथेही आहे. बसचालकाची उपमा मात्र मला पटली नाही. भर पावसात खंबाटकी घाटातून पन्नास माणसे सुखरूप उतरवणाऱ्या एसटीच्या चालकाला साताऱ्याच्या माणसाने तरी कमी लेखू नये.

आता धोक्याकडे. १३ फेब्रुवारी २००३ रोजी दक्षिण कोलंबियाच्या डोंगराळ भागात कंत्राटी टेहळणीचे एक इंजिनाचे सेस्ना कॅरॅव्हान विमान इंजिन बंद पडून उतरले. त्यातील अमेरिकी वैमानिक आणि कोलंबियाचा एक सैनिक फार्क या डाव्या बंडखोर संघटनेच्या हातून मारले गेले, आणि उरलेले तीन अमेरिकी कंत्राटी कर्मचारी २ जुलै २००८ पर्यंत जंगलात ओलीस राहिले. ५ जानेवारी २०२० रोजी केनियातील मांडा बे येथील तळावर सोमालियातील अल-शबाब या दहशतवादी संघटनेने हल्ला केला. एक अमेरिकी सैनिक आणि दोन कंत्राटी वैमानिक त्यात मृत्युमुखी पडले. त्यांचे टेहळणी विमान तेव्हा जमिनीवरच होते. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावर, अमेरिकी लष्कराच्या कंत्राटावरील, तुम्हाला देऊ केले आहे त्याच जातीचे किंग एअर ३५० भाताच्या शेतात कोसळले. एक मरीन सैनिक आणि तीन कंत्राटी कर्मचारी गेले. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. यांतला कोणीही सैनिकी गणवेशातला वैमानिक नव्हता, आणि ‘आपण लढायला थोडेच जातो आहोत’ हा विचार त्यांच्या घरीही कुणीतरी बोलून दाखवला असेल, असे मला राहून राहून वाटते.

पैशाच्या बाजूला दोन गोष्टी तपासून घ्या. परदेशातील कमाईवरच्या करसवलतीची चर्चा या व्यवसायात नेहमी असते. त्यासाठीच्या एका कसोटीत सलग बारा महिन्यांतले ३३० पूर्ण दिवस परदेशात काढावे लागतात, आणि साठ-साठ दिवसांच्या पाळीत तो आकडा गाठणे शक्य नाही. तुम्ही जी दीडपट धरली आहे, ती कर वजा केल्यावर किती उरते ते आधी पाहा. विम्याचे म्हणाल तर १९४१ च्या डिफेन्स बेस अॅक्ट या अमेरिकी कायद्यानुसार कंपनीला तुमचा विमा काढावाच लागतो. त्याची कागदपत्रे मागा. तुमची स्वतःची जी टर्म पॉलिसी असेल ती बाहेर काढून युद्धजन्य मृत्यूचे कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या मुलांच्या लक्षात येत नाही. अशा लष्करी कामासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, मागितली जाऊ शकते. तिच्या एसएफ-८६ या अर्जात परदेशातील जवळचे नातेवाईक, तिथली मालमत्ता, तिथले आर्थिक व्यवहार हे सगळे लिहावे लागते. साताऱ्यातले आईबाबा, बाबांबरोबरचे संयुक्त खाते, आणि गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचे नाव लागले असेल तर तेही. भारतात नातेवाईक असणे हा गुन्हा नाही. माहिती दडवणे मात्र महागात पडते. अर्ज भरण्यापूर्वी बाबांना फोन करून सातबारा मागवून घ्या.

‘मी तर फक्त विमान गोल फिरवणार’ या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. ज्या अंगणावर तो कॅमेरा रोखलेला असेल, तिथली माणसे कोण, आणि त्या चित्रांवरून पुढे कोणी कोणता निर्णय घेतला, हे तुम्हाला बहुतेक वेळा कळणारही नाही. कधी त्यातून ओलीस सुटतील, कधी कोणाच्या घरावर बॉम्ब पडेल. हे काम करणारी माणसे वाईट असतात असे मी मुळीच मानत नाही, पण ते पत्करताना विमान फिरवणाऱ्याने आपला हात त्यातून वगळू नये.

माझे मत विचाराल तर एअरलाइनची जागा घ्या. तुमच्यासारख्या तासांच्या वैमानिकाला दोन वर्षांनी कंत्राटी काम पुन्हा मिळू शकेल, पण गेलेली ज्येष्ठता कोणी परत देणार नाही. तरीही मन तिकडेच ओढत असेल, तर दोन इंजिनांचे विमान, डावी सीट लेखी, विम्याची कागदपत्रे हातात, आणि परतण्याची तारीख करारावर सही करण्याआधी घरच्या कॅलेंडरवर लिहिलेली, याखेरीज जाऊ नका.

पण कोणतेही उत्तर पाठवण्याआधी पत्नीला खरे सांगा. ती परिचारिका आहे. वाईट बातमी ऐकण्याची आणि तरीही हात स्थिर ठेवण्याची सवय तिला तुमच्यापेक्षा अधिक असेल. तुम्ही नसाल त्या साठ दिवसांत रात्रपाळी, मुलीचा ताप, पाळणाघराची वेळ हे सगळे ती एकटीने सांभाळणार आहे, आणि त्याला होकार देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार ‘सर्वेक्षण’ या एका शब्दाने तुम्ही तिच्याकडून काढून घेतला आहे. दहा दिवसांपैकी पहिली संध्याकाळ तिला द्या. मुलगी झोपली की नकाशा उघडून बसा, कंपनीने सांगितलेला तळ तिला दाखवा, मांडा बे कुठे आहे तेही दाखवा, आणि तिचे प्रश्न संपेपर्यंत उठू नका.