वडिलांना मराठी पुस्तकं वाचण्यासाठी नवा टॅब घेतलाय, तो कसा तयार करून द्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील रिटायर्ड शिक्षक, बेळगावकडच्या खानापूरच्या पुढं गावी राहतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्यासाठी १० इंची अँड्रॉइड टॅब घेतलाय, पण जमवलेल्या पीडीएफ त्यांना बारीक दिसतात आणि कुठलं ॲप घालावं ते कळत नाही.

ॲपचं नंतर बघू. आधी फाइल कसली आहे ते बघा, कारण मराठी पुस्तकांचं घोडं तिथंच अडतं. पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. काहीच निवडलं गेलं नाही, तर ते नुसते पानांचे फोटो आहेत. निवडलं गेलं, तर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. तोच शब्द उमटला तर फाइल युनिकोडमधली, म्हणजे टॅबला मराठी म्हणून कळणारी. काना-मात्रा थोड्या इकडंतिकडं झाल्या तरी चालतंय. पण बऱ्याच वेळा उमटतात ती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. म्हणजे पुस्तकाचं डीटीपी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालंय. आपल्याला पान सुरेख दिसतं, टॅबच्या लेखी मात्र तिथं मराठी नाहीच. असली पीडीएफ ‘ईपब करून देतो’ (ईपब म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) म्हणणाऱ्या साइटवर टाकू नका. तीच खिचडी मोठ्या अक्षरात मिळेल, बस्स.

वडिलांसाठी जमेल तिथं ईपबच घ्या. त्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात, पान डावी-उजवीकडं सरकवत बसावं लागत नाही. मराठी विकिस्रोतावरची (विकिपीडियाचं भावंड असलेलं ऑनलाइन ग्रंथालय) पुस्तकं ईपब करून उतरवता येतात, तीही फुकट. तिथं मुख्यतः जुने लेखक भेटतील, कारण आपल्याकडं स्वामित्वहक्क लेखक गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. रिटायर्ड शिक्षकांना त्याचं वावडं नसावं! नवी पुस्तकं ॲमेझॉनच्या किंडल ॲपवर मिळतात (तिथं मराठी २०१६ च्या शेवटी आलं) आणि बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवरही. बुकगंगाचं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये वाचायचं. किंडलवर पैसे भरण्याआधी फुकटचा नमुना उतरवा आणि अक्षर वडिलांना हवं तेवढं मोठं होतं का ते त्यांच्याच हातात देऊन बघा. ई-साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्राचं साहित्य आणि संस्कृती मंडळ भरपूर पुस्तकं फुकट देतात, पण बहुतेक पीडीएफमध्ये. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चालू पुस्तकांच्या पीडीएफ मी घेत नाही. बेळगावजवळच्या कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनात पुस्तकांचा स्टॉल लावून बसणाऱ्या माणसाचं पोट त्याच पुस्तकांवर आहे.

आता ॲप. रीडएरा घाला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन मागत नाही, ईपब आणि पीडीएफ दोन्ही उघडतं. त्यात पांढऱ्याऐवजी पिवळसर पान निवडा आणि अक्षराचा आकार वडिलांना शेजारी बसवूनच ठरवा, तुमच्या डोळ्यांनी नको. फोटोवाल्या पीडीएफचं अक्षर काही वाढणार नाही. तिथं टॅब आडवा धरायचा आणि कडेची कोरी जागा कापायची सोय चालू करायची. १० इंची टॅबची लांबी साधारणपणे रुंदीच्या दीडपटीहून जास्त असते, तेवढंच अक्षर मोठं दिसतं. एक पान दोनदा सरकवावं लागेल, पण दर ओळीला चिमटीनं मोठं करण्यापेक्षा ते परवडलं.

डोळे दमले की ऐकायचीही सोय आहे. टॅबच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधून गूगलचा मराठी आवाज उतरवून ठेवा, मग रीडएरा पुस्तक वाचून दाखवतं. आवाज कोरडा आहे, आडनावांचे उच्चार तर विचारू नका, पण संध्याकाळी झोपाळ्यावर बसून एखादं प्रकरण ऐकायला हरकत नाही. अर्थात वरच्या परीक्षेत जी फाइल नापास झाली, ती इथंही मुकीच.

बाकी किरकोळ. स्क्रीन बंद व्हायची वेळ १० मिनिटांवर न्या, नाहीतर पान वाचून होण्याआधी अंधार. होम स्क्रीनवर वाचायची ॲप्स आणि कॅमेरा एवढंच ठेवा, नोटिफिकेशन बंद. अपडेट, आवाज, पुस्तकं सगळं बेळगावात वायफायवर उतरवूनच गावी न्या. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं करंट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू. त्यांना तरुण भारतचा ई-पेपर लागणार असेल तर त्याला मात्र रोज नेट पाहिजे; तेवढ्यासाठी सिमवाला टॅब नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावायला शिकवून ठेवा.

नातवंडं मराठी माध्यमात असतील तर त्यांची पुस्तकंही त्यातच भरून टाका, फक्त महाराष्ट्राच्या बालभारतीची नकोत. आपल्या बेळगावकडच्या शाळांना कर्नाटकाची मराठी पाठ्यपुस्तकं लागतात आणि कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या साइटवर त्यांच्या पीडीएफ मिळतात. व्हॉट्सॲप तेवढं टॅबवर घालू नका की, फोनवरच राहू दे.